दूध, बिअर आणि कलम ३३: कॅनडातील स्वातंत्र्यवादी मतदाराने कोणाला मत द्यावे?

सरकारने माणसाच्या खिशात, घरात आणि बोलण्यात शक्य तितके कमी लक्ष घालावे असे मानणाऱ्या मतदाराला कॅनडात मत देणे सोपे नाही. ज्यांना तिकडे लिबर्टेरियन म्हणतात आणि आपण सोयीसाठी स्वातंत्र्यवादी म्हणू, त्या मतदाराची अडचण अशी की कर आणि नियम कमी करण्याची भाषा एक पक्ष करतो, गांजा कायदेशीर करण्याचे काम दुसरा पक्ष करतो, आणि दोन्ही गोष्टी एकत्र सांगणारा पक्ष एकही खासदार निवडून आणू शकत नाही. २८ एप्रिल २०२५ च्या संघीय निवडणुकीत ही अडचण ठळकपणे समोर आली. लिबरल पक्षाला ३४३ पैकी १६९ जागा मिळाल्या, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला १४४, आणि मतांच्या टक्केवारीत दोघांमध्ये जेमतेम अडीच टक्क्यांचे अंतर राहिले. पुढच्या वेळी मत देताना काय तोलून पाहावे, याचा विचार त्या निवडणुकीचा आणि तिच्या आगेमागे घडलेल्या गोष्टींचा आधार घेऊन येथे केला आहे.

तुलनेत मुख्यतः चार पक्ष घेतले आहेत: मार्क कार्नी यांचा लिबरल पक्ष, पिएर पॉलिएव्ह यांचा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष, मॅक्सिम बर्निए यांचा पीपल्स पार्टी ऑफ कॅनडा आणि १९७३ पासून चालत आलेला छोटा लिबर्टेरियन पक्ष. न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचा आर्थिक कार्यक्रम या मतदाराच्या श्रद्धेच्या थेट विरुद्ध जातो, आणि नागरी स्वातंत्र्याच्या सर्वांत मोठ्या कसोटीत त्याने काय केले ते पुढे येईलच. ब्लॉक केबेक्वा हा पक्ष फ्रेंचभाषक केबेक प्रांताबाहेर उमेदवार उभे करत नाही. ग्रीन पक्षाला २०२५ मध्ये एकच जागा मिळाली. या तिघांवर अधिक शब्द खर्च करण्याचे कारण दिसत नाही.

कर आणि खर्च

येथे तुलना सरळ आहे, आणि तरीही ती दिसते तितकी सुखावह नाही. सर्वांत खालच्या टप्प्याचा आयकर १५ टक्के होता. लिबरलांनी तो १४ टक्क्यांवर आणण्याचे वचन दिले आणि १ जुलै २०२५ पासून ते पाळले; कॉन्झर्व्हेटिव्हांनी तो १२.७५ टक्क्यांपर्यंत उतरवू असे सांगितले होते. सामान्य ग्राहकाच्या इंधनावरचा कार्बन कर रद्द करा ही पॉलिएव्ह यांची बऱ्याच काळाची घोषणा होती. कार्नी यांनी पंतप्रधान होताच १ एप्रिल २०२५ पासून तो शून्यावर आणला आणि विरोधकांच्या भात्यातला सर्वांत धारदार बाण काढून घेतला. उद्योगांवरचा कार्बन दर मात्र त्यांनी कायम ठेवला. भांडवली नफ्याचा करपात्र भाग निम्म्यावरून दोन तृतीयांशांवर नेण्याचा आधीचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांच्या काळातील बेतही कार्नी यांनीच मागे घेतला. म्हणजे करांच्या बाबतीत लिबरल पक्ष त्याच्या आधीच्या नेत्यापेक्षा उजवीकडे सरकला आहे, हे मान्य करावे लागते.

खर्चाचे चित्र वेगळे आहे. लिबरल जाहीरनाम्यात २०२५-२६ ची तूट सुमारे ६२ अब्ज डॉलर धरली होती, कॉन्झर्व्हेटिव्हांच्या जाहीरनाम्यात सुमारे ३१ अब्ज. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रत्यक्ष अर्थसंकल्प आला तेव्हा तूट ७८.३ अब्ज डॉलरवर पोहोचली होती. घरांच्या प्रश्नावर कार्नी सरकारने ‘बिल्ड कॅनडा होम्स’ ही सरकारी संस्था पुढे केली, तर कॉन्झर्व्हेटिव्हांचा भर नगरपालिकांनी बांधकाम परवाने वेगाने द्यावेत आणि न दिल्यास त्यांचा संघीय निधी कापावा यावर होता. स्वातंत्र्यवादी मतदाराला दुसरा मार्ग पटेल, कारण टोरांटो आणि व्हँकूव्हरसारख्या ठिकाणी घर महाग होण्यामागे जमीनवापराचे नियम आणि परवान्यांची रखडपट्टी यांचा वाटा मोठा आहे.

तरी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला काटकसरीचा पक्ष म्हणताना थोडे थांबावे. ज्यांना सरकारी दंतसेवा योजना मिळाली आहे त्यांची ती काढणार नाही, असे पॉलिएव्ह यांनी प्रचारात सांगितले. संपाच्या काळात पर्यायी कामगार नेमण्यावर संघीय क्षेत्रात बंदी घालणारा कायदा २०२४ मध्ये संसदेच्या कनिष्ठ सभागृहात एकमताने संमत झाला, त्यात त्यांच्या पक्षाची मतेही होती. तरुणपणी मिल्टन फ्रीडमन हा बाजारवादी अर्थतज्ज्ञ वाचून घडलेला नेता कामगार संघटनांच्या मतांसाठी किती वाकू शकतो, याचा तो नमुना होता. अमेरिकेने आयातशुल्क लादल्यावर प्रत्युत्तरादाखल शुल्क लावण्यालाही दोन्ही मोठ्या पक्षांचा पाठिंबा होता. प्रत्युत्तराचे शुल्क शेवटी आपल्याच ग्राहकाच्या खिशातून जाते, हे जाहीरपणे सांगणारे बर्निए त्या गदारोळात जवळजवळ एकटे पडले.

दुधाची कसोटी

माझ्या मते कॅनडातील कोणत्याही नेत्याची बाजारस्वातंत्र्यावरील निष्ठा दुधात बुडवून पाहावी. १९७० च्या दशकापासून तेथे दूध, अंडी आणि कोंबडी यांचे उत्पादन कोट्याने बांधलेले आहे. शेतकऱ्याने किती उत्पादन काढायचे हे ठरलेले असते, भाव ठरलेला असतो, आणि परदेशी माल आत येऊ नये म्हणून ठरावीक मर्यादेपलीकडच्या आयातीवर जबर शुल्क असते. लोण्यावर ते २९८.५ टक्के आहे. ऑन्टारिओत रोज एक किलो बटरफॅट (दुधातील स्निग्धांश), म्हणजे साधारण एका गायीचे उत्पादन, विकण्याच्या हक्काची कमाल किंमत २४,००० डॉलर ठरवून दिलेली आहे. गाय वेगळी, गोठा वेगळा; हा पैसा केवळ परवानगीचा. नव्या माणसाला दुधाच्या धंद्यात उतरायचे असेल तर त्याने आधी हा डोंगर चढायचा. देशात दूध उत्पादक कुटुंबे दहा हजारांहून कमी आहेत, दूध विकत घेणारे चार कोटींहून अधिक.

मराठी वाचकाला येथे शरद जोशी आठवतील, आणि त्यातला विरोधाभासही ध्यानात येईल. जोशींनी शेतकऱ्याच्या बाजूने खुल्या बाजाराची मागणी केली, कारण आपल्याकडे सरकारी हस्तक्षेप शेतमालाचे भाव पाडत होता. कॅनडात हस्तक्षेप भाव चढे ठेवतो, म्हणून तेथला दूध उत्पादक खुल्या बाजाराच्या नावानेच दचकतो. हस्तक्षेप तोच, फक्त पिळला जाणारा माणूस बदलला.

संसदेत बसणारा कोणताही पक्ष ही व्यवस्था मोडायला तयार नाही. बर्निए यांनी २०१७ मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह नेतृत्वाची निवडणूक लढवताना ती मोडण्याचे वचन दिले आणि तेराव्या फेरीत अँड्र्यू शीअर यांच्याकडून ४९.०५ विरुद्ध ५०.९५ टक्के अशा निसटत्या फरकाने ते हरले. त्यानंतर थोड्याच दिवसांत पत्रकारांच्या एका भोजनसमारंभात शीअर यांनी व्यासपीठावर दुधाच्या खोक्यातून घोट घेत, आपण विजयासाठी कोणाचेच ऋणी नाही असा विनोद केला. कोटा राखू म्हणणाऱ्या शीअर यांना दूध उत्पादकांची साथ होती, हे हसणाऱ्यांना ठाऊक होते.

पुढे व्यापार करारात या क्षेत्रातील सवलत देण्यास मनाई करणारे ब्लॉक केबेक्वाचे सी-२८२ हे विधेयक २०२३ मध्ये २६२ विरुद्ध ५१ मतांनी सभागृहात संमत झाले. ते सिनेटमध्ये अडकले आणि संपले, पण त्याच आशयाचे सी-२०२ जून २०२५ मध्ये कायदा बनलेच. स्वातंत्र्यवादी मतदाराने मात्र त्या ५१ मतांकडे नीट पाहावे. त्यांतील जवळजवळ सर्व मते कॉन्झर्व्हेटिव्ह खासदारांची होती. पक्ष कोट्याच्या बाजूने, पण बाकांवर काही माणसे विरोधात: हा फरक मतदान पक्षाला करायचे की उमेदवाराला, या प्रश्नाचे अर्धे उत्तर देतो.

बिअरची गोष्ट दुधाच्या शेजारची आहे. जेरार्ड कोमो या न्यू ब्रन्सविकच्या निवृत्त गृहस्थाने २०१२ मध्ये केबेकमधून स्वस्त बिअरचे चौदा खोके गाडीत घालून आणले, आणि त्याला २९२.५० डॉलर दंड झाला. प्रांताप्रांतांत माल मुक्तपणे जावा असे १८६७ च्या संविधानाचे कलम १२१ सांगत असूनही सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दंड घटनाबाह्य नसल्याचा निकाल दिला. या प्रश्नावर श्रेय द्यायचे तर थोडे कार्नी सरकारला द्यावे लागेल: जून २०२५ च्या सी-५ कायद्याने प्रांतांमधील व्यापारातील संघीय अडथळे कमी केले. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागाने निवडक मोठ्या प्रकल्पांसाठी इतर कायदे बाजूला सारण्याची व्यापक सत्ता मंत्रिमंडळाला दिली, आणि स्वातंत्र्यवादी माणसाला प्रकल्प आवडला तरी ही सत्ता आवडू नये.

फेब्रुवारी २०२२

नागरी स्वातंत्र्याच्या बाजूने पाहिले तर एकच प्रसंग बाकी सगळ्यांवर भारी पडतो. लसीकरणाच्या सक्तीविरोधात ट्रकचालकांनी ओटावात ठिय्या दिल्यावर ट्रुडो सरकारने १४ फेब्रुवारी २०२२ रोजी आणीबाणी कायदा लागू केला, न्यायालयाच्या आदेशाशिवाय दोनशेहून अधिक बँक खाती गोठवली गेली, आणि २३ फेब्रुवारीला कायदा मागे घेण्यात आला. सभागृहात त्याला १८५ विरुद्ध १५१ मतांनी मंजुरी मिळाली. लिबरलांना न्यू डेमोक्रॅटिक पक्षाने साथ दिली, कॉन्झर्व्हेटिव्ह आणि ब्लॉक विरोधात राहिले. न्यायमूर्ती पॉल रूलो यांच्या चौकशी आयोगाने पुढच्या वर्षी सरकारचा निर्णय काहीशा नाखुशीने योग्य ठरवला, तर जानेवारी २०२४ मध्ये संघीय न्यायालयाचे न्यायमूर्ती रिचर्ड मोझली यांनी तो अवाजवी आणि संविधानातील अधिकारांच्या सनदेचा भंग करणारा ठरवला.

कार्नी त्या वेळी राजकारणात नव्हते, पण त्यांनी वृत्तपत्रात लेख लिहून त्या आंदोलनाला राजद्रोह म्हटले होते आणि त्याला पैसा पुरवणाऱ्यांवर कारवाईची मागणी केली होती. ट्रक रस्त्यावर आडवे लावून शहरातल्या रहिवाशांची झोप उडवणे हे स्वातंत्र्य आहे असे मी म्हणणार नाही. तरीही माणसाचे खाते न्यायाधीशाला न विचारता गोठवण्याची वाट एकदा मळली की पुढच्या सरकारलाही ती सोयीची वाटते. जून २०२५ मध्ये आलेल्या सी-२ या सीमासुरक्षा विधेयकात दहा हजार डॉलरपेक्षा मोठ्या रोख व्यवहारांवर बंदी, टपाल उघडण्याचे वाढीव अधिकार आणि वॉरंटशिवाय ग्राहकाची माहिती मागण्याची तरतूद होती. विरोध झाल्यावर सरकारने ऑक्टोबरमध्ये काही भाग वेगळ्या विधेयकात हलवला. ऑनलाइन प्रसारण आणि ऑनलाइन बातम्यांचे २०२३ चे दोन कायदेही याच पक्षाचे. दुसऱ्या कायद्याचा परिणाम असा झाला की मेटा कंपनीने कॅनडात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बातम्याच दाखवणे थांबवले.

इतके वाचून कॉन्झर्व्हेटिव्हांना मत देऊन मोकळे व्हावे असे वाटेल. पण २०२५ च्या प्रचारातच पॉलिएव्ह यांनी एक घोषणा केली, जिच्याकडे त्यांच्या स्वातंत्र्यप्रेमी समर्थकांनी सोयीस्कर दुर्लक्ष केले. एकाहून अधिक खून करणाऱ्याला एकामागून एक शिक्षा भोगायला लावणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केला होता. तो कलम ३३ वापरून पुन्हा आणू, असे ते म्हणाले. हे कलम विधिमंडळाला सनदेतील काही मूलभूत अधिकार पाच वर्षांपुरते बाजूला ठेवण्याची मुभा देते. केबेकने ते धार्मिक चिन्हांवरील बंदीसाठी वापरले आहे, पण संघीय सरकारने १९८२ पासून एकदाही वापरलेले नाही. अट्टल खुन्याबद्दल कोणाला सहानुभूती नसते, आणि नेमके म्हणूनच पहिला वापर त्याच्यावर करणे राजकीयदृष्ट्या सोपे असते. आणीबाणी कायद्याला विरोध करणाऱ्या पक्षाने कलम ३३ चे कुलूप उघडावे, ही विसंगती मला त्यांच्या तुटीच्या आकड्यांपेक्षा अधिक खटकते.

उरलेल्या बाबी थोडक्यात. गांजा १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर झाला तो लिबरलांमुळे, कॉन्झर्व्हेटिव्हांच्या विरोधाला न जुमानता. बंदुकांच्या बाबतीत उलट: मे २०२० मध्ये सुमारे दीड हजार नमुन्यांवर मंत्रिमंडळाच्या आदेशाने बंदी आली, पुढे पिस्तुलांची खरेदीविक्री गोठली, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह हे सारे रद्द करू म्हणतात. सरकारी प्रसारण संस्थेच्या इंग्रजी विभागाचे अनुदान थांबवण्याचे वचनही त्यांचेच.

दोन छोटे पक्ष

बर्निए यांची पूर्वपीठिका खरोखर स्वातंत्र्यवादी आहे. मॉन्ट्रियलच्या बाजारवादी अभ्याससंस्थेत त्यांनी काम केले, उद्योगमंत्री असताना दूरसंचार क्षेत्रावरील बंधने सैल केली, उद्योगांना दिली जाणारी सरकारी खैरात बंद करा असे ते वर्षानुवर्षे म्हणत आले. कोविड काळातील निर्बंधांविरुद्ध सभा घेतल्याबद्दल जून २०२१ मध्ये मॅनिटोबात त्यांना अटकही झाली. त्या वर्षी त्यांच्या पक्षाला ४.९ टक्के, म्हणजे सुमारे ८.४ लाख मते मिळाली, पण जागा एकही नाही.

मात्र पक्षाचा सूर बदलत गेला. २०२५ मध्ये त्यांनी नव्या स्थलांतरितांना येऊ देण्यावर सरसकट स्थगिती मागितली, आणि प्रचाराचा मोठा भाग ओळख आणि संस्कृती यांवर गेला. कॅनडातील स्वातंत्र्यवाद्यांमध्ये स्थलांतरावर दुमत आहे हे खरे, पण माणसाने कोठे काम करावे आणि कोणाला नोकरी द्यावी हे सरकारने ठरवू नये असे मानणाऱ्याला संपूर्ण बंदी गिळणे कठीण आहे. ब्रॅम्प्टन किंवा मिसिसागात राहणाऱ्या, भारतीय पारपत्र परत करून तिथले नागरिक झालेल्या मराठी मतदारासाठी तर हा प्रश्न तात्त्विक उरत नाही. पुण्यातल्या भाचीचा अभ्यासपरवाना त्यात गुंतलेला असतो. अर्थात लिबरलांनीही २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली आणि २०२५ साठी कायम निवासाचे उद्दिष्ट पाच लाखांवरून ३,९५,००० वर आणले, त्यामुळे उदारतेचा टिळा तेथेही लावता येत नाही. बर्निए यांच्या पक्षाची मते २०२५ मध्ये ०.७ टक्क्यांवर घसरली.

लिबर्टेरियन पक्षाबद्दल लिहिण्यासारखे कमी आहे, कारण तत्त्वांबाबत त्याच्याशी वाद घालायला जागाच कमी आहे. टिम मोएन हे फोर्ट मॅकमरीचे अग्निशामक जवान एके काळी त्याचे नेते होते; समलिंगी विवाहित जोडप्यांना आपल्या गांजाच्या रोपांचे बंदुकीने रक्षण करता यावे, हे त्यांचे वाक्य देशाबाहेरही गाजले. २०१५ मध्ये पक्षाने ७२ उमेदवार उभे केले होते. अलीकडे ती संख्या बरीच आटली आहे, म्हणजे बहुतेक मतदारांसमोर हा पर्याय मतपत्रिकेवर नसतोच.

मताचे वजन

छोट्या पक्षाला दिलेले मत फुकट जाते का? पूर्वी त्याचे उत्तर वेगळे होते. २००४ पासून मतांची ठरावीक टक्केवारी गाठणाऱ्या पक्षांना प्रत्येक मतामागे दरवर्षी सरकारी अनुदान मिळत असे. स्टीफन हार्पर यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने ते टप्प्याटप्प्याने २०१५ पर्यंत बंद केले. स्वातंत्र्यवादी माणसाने त्याचे स्वागतच करायला हवे, फक्त त्यामुळे छोट्या पक्षाला मतांतून पैसे मिळण्याची शक्यताही संपली. आता पक्षाला देशभरात किमान दोन टक्के मते, किंवा लढवलेल्या मतदारसंघांत पाच टक्के, मिळाली तरच निवडणूक खर्चाचा निम्मा भाग परत मिळतो. देणगी मात्र परिणामकारक आहे: पहिल्या ४०० डॉलरवर ७५ टक्के करसवलत मिळते. सरकारकडून अशी सवलत घेणे तत्त्वात बसते का, यावर त्या मंडळींमध्ये जेवणानंतर बराच वेळ वाद चालू शकतो.

निवडणूक पद्धत सर्वाधिक मते मिळवणारा विजयी अशीच आहे. २०१५ ची निवडणूक या पद्धतीची शेवटची असेल हे ट्रुडो यांचे वचन फेब्रुवारी २०१७ मध्ये सोडून देण्यात आले. त्यामुळे आपला मतदारसंघ कोणता यावर बरेच अवलंबून आहे. ग्रामीण आल्बर्टात कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार इतक्या मोठ्या फरकाने जिंकतो की तेथे लिबर्टेरियन पक्षाला मत देऊन कोणाचेही नुकसान होत नाही आणि म्हणणे मात्र नोंदले जाते. उलट २०२५ च्या फेरमोजणीत विंडसर-टेकमसे-लेकशोरमध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवार ४ मतांनी जिंकला, मिल्टन ईस्ट-हाल्टन हिल्स साउथमध्ये लिबरल उमेदवार २१ मतांनी, आणि केबेकमधील तेरबॉनमध्ये फेरमोजणीअंती फरक एका मताचा निघाला. अशा ठिकाणी छोट्या पक्षाला मत देणाऱ्याने परिणामांची जबाबदारीही घ्यावी.

माझा स्वतःचा कल सांगायचा तर तो असा आहे. चुरशीच्या मतदारसंघात, खिसा आणि परवाने हेच ज्याला अधिक महत्त्वाचे वाटतात त्याने कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवाराला मत द्यावे, पण त्याआधी त्याला दोन प्रश्न विचारावेत: सी-२८२ वर तुम्ही कसे मत दिले किंवा दिले असते, आणि कलम ३३ चा वापर सभागृहात आला तर पक्षाविरुद्ध मत द्याल का. दोन्ही उत्तरे गुळमुळीत आली तर तो उमेदवार केवळ पक्षाच्या निळ्या रंगाचा आहे, एवढेच समजावे. बोलण्याचे आणि खासगीपणाचे स्वातंत्र्य ज्याला सर्वांत वर वाटते त्याला २०२२ नंतर लिबरल पक्ष चालणार नाही आणि कलम ३३ नंतर कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष जड जाईल. त्याच्यासाठी लिबर्टेरियन उमेदवार असल्यास प्रश्न सुटतो. बर्निए यांच्या पक्षाला मत द्यावे ते दूध आणि खैरात यांसाठी, आणि स्थलांतरावरची त्यांची भूमिका खरोखर पटत असेल तरच. ती डोळ्याआड करून मत देता येईल इतकी ती आता त्यांच्या जाहीरनाम्यात लहान राहिलेली नाही.

कोणता पर्याय खरोखर समोर आहे हे मात्र फार आधी कळत नाही. उमेदवारी अर्ज मतदानाच्या २१ दिवस आधीपर्यंत भरता येतात, आणि त्यासाठी साधारणपणे मतदारसंघातील शंभर मतदारांच्या सह्या लागतात. लिबर्टेरियन पक्षाचा उमेदवार आपल्याकडे उभा राहावा असे ज्याला वाटते, त्याच्या एका सहीचा उपयोग त्या दिवसाच्या आतच आहे.